पहिले एकावर ये

निमाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी अमरावतीत घराजवळच्या गाडीवर गिल्या वड्याची प्लेट हातात घेऊन उभा होतो. स्मृतिलेखाची सुरुवात अशी करू नये हे मला कळतं. पण ताईची गोष्ट सांगायची तर ती खाण्यापासूनच सुरू व्हायला हवी, आणि तिची काही हरकत नसती. तिनं फक्त विचारलं असतं, "प्लेट कितीची? वडे किती? म्हंजे एक वडा कितीले पडला?" फोनवर भाऊजी होते. भाऊजी म्हणजे ताईचे यजमान, वसंतराव, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. म्हणाले, "गजू, तुही ताई गेली." मग म्हणाले, "जेवून निघ. इथं आज चूल पेटत नाई." मी प्लेट तशीच परत दिली. गाडीवाला म्हणाला, "काहून भाऊ, तिखट झालं का?" मी हो म्हणालो. डोळे पुसायला तेवढं कारण पुरलं.

बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, आणि एस.टी.च्या खिडकीशी बसून मी ताईसाठी रडायचं सोडून भलताच विचार करत होतो. आता भाऊजींच्या जेवणाचं काय? मुलगा संदीप पुण्याला, तिथं त्याची नोकरी, त्याचा फ्लॅट. तो बाबांना घेऊन जाणार हे उघड होतं, आणि भाऊजी तिथं जाऊन वाळून जाणार हेही तेवढंच उघड होतं. हा माणूस अकोल्याच्या जुन्या शहरातल्या आपल्या गल्लीतून एरवी सुखानं हलत नाही. सकाळी मोर्णेच्या पुलापर्यंत जायचं, पाणी किती आहे ते बघायचं, नाराज होऊन परत यायचं, हा त्यांचा निवृत्तीनंतरचा कार्यक्रम. खात्यात असताना कुठल्या कालव्याला किती पाणी सोडायचं ते सांगणारे भाऊजी, पण चहाला किती पाणी टाकायचं ते त्यांना साठी उलटली तरी ठाऊक नव्हतं. ठाऊक असायची गरजच पडली नव्हती. घरात निमाताई होती.

निमाताई माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. आमचं लहानपण अकोटचं. ताई पुढे अकोल्यात मुलींच्या शाळेत गणिताची बाई झाली, पण बाई व्हायच्या आधी तिनं माझ्यावर सराव केला. मी तिचा पहिला वर्ग, आणि त्या वर्गात मी एकटाच ढ. ती संत्री घेऊन ओट्यावर बसायची. आठ संत्री इतक्याची, तर पाच संत्री कितीची? मी डोळे मिटून, आभाळाकडे तोंड करून, मनाला येईल तो आकडा मोठ्या आवाजात फेकायचो. आकडा चुकीचा असला तरी आवाजात जोर असावा, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे. ताई शांतपणे म्हणायची, "गजू, पाचावर उडी मारू नको. पहिले एकावर ये. एक संत्रं कितीचं, ते सांग. मंग पाच घे का पन्नास घे." एकाची किंमत निघाली की ते एक संत्रं माझं. माझी बुद्धी अशी, की किंमत निघेपर्यंत कित्येकदा संत्रं सुकून जायचं. पण "पहिले एकावर ये" हे डोक्यात बसलं ते बसलंच. तिच्या शेकडो विद्यार्थिनींच्याही बसलं असणार. आज त्यातल्या कितीतरी जणी भाजीच्या ठेल्यापुढे उभ्या राहून मनातल्या मनात एकावर येत असतील.

ताईबरोबर बाजारात जाणं म्हणजे नाटकाच्या तालमीला जाणं. एकदा तिनं चहापत्ती घ्यायला दुकानात नेलं होतं. शेठनं मोठ्या ऐटीत एक किलोचा पुडा काढला. "म्याडम, हा घ्या, पाचशे साठ. मोठा पुडा स्वस्त पडते." ताईनं पाव किलोचा पुडा उचलला, उलटा केला, किंमत वाचली. एकशे पस्तीस. मग ती थांबली. मागे रांग. दुकानात पंख्याचा आवाज. मी मनात म्हणालो, आता होते सुरुवात.

"शेठ," ताई म्हणाली, "शंभर ग्रामावर या."

"म्हंजे?"

"मोठ्यातले शंभर ग्राम छप्पन्नले पडून राहिले. लहान्यातले चौपन्नले. मोठा स्वस्त कसा?"

शेठनं पुड्याकडे असं पाहिलं, जणू सख्खा भाऊच उलटला. "म्याडम, लोकाईले मोठा स्वस्तच वाटते न."

"वाटते न. मी विचारून राहिली, आहे का?"

ताईनं पाव किलोचे चार पुडे घेतले. तिच्या मागच्या बाईनंही चार घेतले. तिच्याही मागच्या बाईनं आपल्या हातातला साबणाचा जोड पुढे केला, "म्याडम, याचं सांगा न." शेठनं कपाळाला हात लावला. पण माणूस हुशार. पुढच्या वेळी आम्ही गेलो तर त्यानं काउंटरच्या बाजूला ताईसाठी खुर्ची मांडून ठेवली होती. "बसा म्याडम. गिऱ्हाईक तुमच्यासाठी येऊन राहिलं." ताईला याचा किती आनंद झाला ते तिनं दाखवलं नाही. पण घरी येताना ती रस्ताभर गुणगुणत होती, आणि ताई गाऊ लागली की मोर्णेकाठची कुत्री उठून बसायची.

घरातल्या प्रत्येक कार्याच्या स्वयंपाकाचा अंदाज तिच्याकडे यायचा. बारशापासून तेरवीपर्यंत. आचारी म्हणायचा, "बाई, एवढे किलो लागते." ताई म्हणायची, "एका माणसाले किती?" आचारी चाचपडायचा, कारण हजार माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या माणसानं एका माणसाचा विचार कधी केलेला नसतो. ताईनं केलेला असायचा. एक माणूस, त्याला किती तांदूळ, किती वरण, लग्नात किती, तेरवीत किती, उन्हाळ्यात किती. तिचं अन्न उरायचं नाही आणि कमीही पडायचं नाही. नातेवाइकांत तिचा असा दरारा होता, की कुणाच्या घरच्या पंगतीत भाजी संपली तर लोक म्हणायचे, "निमाबाईले विचारलं नसन." भाऊजींना तर आपली बायको चुकू शकते ही कल्पनाच नव्हती. ते कौतुकानं सांगायचे, "हिचा अंदाज कधी फसला नाई. एकडाव बी नाई." आणि ताई पदर सारखा करत दुसरीकडे पाहायची. मी तिच्याकडे पाहायचो. ती माझ्याकडे डोळे वटारायची. त्या डोळे वटारण्यात एक जुनं प्रकरण होतं. ते पुढे येतंच आहे.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी जे सांगायचं ते सांगितलं. ताईनं ते नीट ऐकलं, दोन प्रश्न विचारले, आणि परत येताना रिक्षा बाजारात थांबवून एक लहानसा कुकर विकत घेतला. दोन माणसांनाही अपुरा पडेल इतका लहान. भाऊजींना वाटलं, आजारपणामुळे हिची भूक कमी झाली म्हणून असेल.

पुढच्याच आठवड्यात मी अकोल्याला गेलो तर स्वयंपाकघराच्या दारात ताई खुर्चीवर बसलेली, अंगावर शाल, हातात पट्टी नव्हती एवढंच. आत भाऊजी ओट्यापाशी उभे, कमरेला टॉवेल गुंडाळलेला, चेहरा तोंडी परीक्षेचा. हातात ताईची वाटी. ही वाटी मी लहानपणापासून ओळखतो. स्टीलची, काठाला पोचा आलेली. ताईचं सगळं मोजमाप त्याच वाटीनं.

"एका माणसाले तांदूळ किती?"

"अर्धी वाटी."

"खिचडी करायची असन तं डाळ?"

"पाव."

"पाणी?"

भाऊजींनी छताकडे पाहिलं. "...तू सांग न."

"मी नाई सांगत. कालव्याचं येत होतं न? मंग कुकरचं काहून येत नाई?"

मी दारात उभा राहून जोरात हसलो. भाऊजी दुखावले. "तू हसून राहिला बह्याडा, तुले तरी येते का?" मी घाईघाईनं गप्प झालो, कारण खरोखरच येत नव्हतं. मग भाऊजींनी पाणी घातलं, हळद, मीठ घातलं. मिठाच्या बरणीतला छोटा चमचा शीग लावून भरला. भाऊजींना जेवण जरा खारटच आवडतं. ताईनं ते पाहिलं आणि चालू दिलं. कुकरचं झाकण मात्र काही केल्या बसेना. ते लावता लावता भाऊजी पाठमोरे असतानाच म्हणाले, "पन निमा, एकाचं काहून शिकवून राहिली? आपुन दोघं आहो न."

माझं हसू तिथंच राहिलं. मी ताईकडे पाहू शकलो नाही, म्हणून वाटीकडे पाहिलं. ताईचा आवाज मात्र होता तसाच होता, वर्गातला.

"दोघाईचं करायचं असन तं दुप्पट करा. पहिले एकाचं तं येऊ द्या."

भाऊजी पुन्हा झाकणाशी झटू लागले. त्यांना कळलं का, हे मी पुढे कधी विचारलं नाही. झाकण बसलं. शिटी झाली. ती खिचडी आम्ही तिघांनी मिळून दोन-दोन घास खाल्ली, एकाची होती म्हणून. ताई म्हणाली, "साठ पैकी बेचाळीस." भाऊजी खूश झाले.

त्यानंतर मी जेव्हा जेव्हा गेलो तेव्हा अभ्यासक्रम पुढे सरकलेला असायचा. वरण आलं. बेसन आलं, म्हणजे आमच्याकडचं पिठलं. त्यात गुठळ्या झाल्या, मग कमी झाल्या. ताईची खुर्ची दारातून आत आली, मग खुर्चीऐवजी खाट आली, आणि खाटेवरून ती नुसत्या वासावर सांगायची, "मोहरी करपली." सगळं एका माणसाचं. दुपटीचा धडा राहिला. तिथपर्यंत ती पोचली नाही.

तेरवी झाली. पंगतीत काही उरलं नाही, काही कमी पडलं नाही. अंदाज मी आणि भाऊजींनी मिळून काढला होता, एकावर येऊन, आणि आचाऱ्यावर सोपवला होता. पाहुणे गेले. घरात भाऊजी, संदीप, त्याची बायको अश्विनी आणि मी, असे चौघं राहिलो. संध्याकाळी संदीपनं विषय काढलाच. चांगला मुलगा आहे तो, आवाज न चढवता बोलला.

"बाबा, परवाच्या गाडीची तिकिटं काढतो. चार. मामाही येतील थोडे दिवस तुमच्या सोबतीला."

"तीन काढ," भाऊजी म्हणाले. "दोन तुमची. एक मामाचं, त्याले यायचं असन तं."

"तुम्ही इथं एकटे खाणार काय?"

"एका माणसाचं."

"बाबा, तुम्हाला चहा करता येत नाही!"

भाऊजी उठले. धोतर सावरलं, टॉवेल कमरेला गुंडाळला आणि स्वयंपाकघरात गेले. संदीप उठू लागला तर अश्विनीनं त्याचा हात धरला. मी दारात जाऊन उभा राहिलो, जिथं ताईची खुर्ची असायची तिथं. भाऊजींनी मोठा कुकर काढला. वाटी घेतली. ओठ हलत होते. "एकाले अर्धी... चौघाईले दोन." तांदूळ बरोबर. "एकाले पाव... चौघाईले एक." डाळ बरोबर. पाण्यालाही चुकले नाहीत. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. मग त्यांनी मिठाची बरणी उघडली आणि तोच छोटा चमचा, शीग लावून, एक... दोन... तीन... चार. माझे हात तिथंच थांबले. बोलावं की नाही? पण परीक्षेच्या हॉलमध्ये बाहेरून उत्तर सांगायचं नाही, हे मला ताईनंच शिकवलेलं.

आम्ही जेवायला बसलो. संदीपनं पहिला घास घेतला आणि पाण्याचा तांब्या जवळ ओढला. अश्विनी म्हणाली, "छान झाली, बाबा," आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते नुसतं दुःखाचं नव्हतं. भाऊजींनी स्वतः खाल्लं. खारटच आवडणारा माणूस तो, पण त्यांनाही ठसका लागला. त्यांनी घास खाली ठेवला. संदीपनं तांब्या त्यांच्यापुढे सरकवला. भाऊजींचा चेहरा असा पडला, की मला वाटलं, गेलं. आता हा माणूस परवा मुकाट्यानं गाडीत बसणार.

ताई, तुझी क्षमा मागत नाही. तू असतीस तर तूच सांगितलं असतंस, असंही म्हणत नाही, कारण तू मेलीस तरी सांगितलं नसतंस. पण त्या क्षणी माझ्याजवळ तेवढंच होतं.

"भाऊजी," मी म्हणालो, "ताईचं बी असंच झालं होतं."

"काय झालं होतं?"

मग मी सांगितलं. हात हलवून, उभा राहून, सगळे आवाज काढून सांगितलं. ताईचं लग्न व्हायचं होतं, शाळेत नुकतीच लागली होती. अकोटजवळच्या शेतात आमच्याकडे रोडग्यांचं जेवण ठरलं. गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, भाजलेले कणकेचे रोडगे, तूप, वरण, आणि वांग्याची भाजी. माणसं एकशे वीस. ताईनं आईला सांगितलं, "आचारी कायले? मी काढतो हिशेब. घरी आपुन चौघाईची भाजी करतो. चार गुणिले तीस." आणि तिनं घरची भाजी तीस पट केली. वांगी तीस पट. तेल तीस पट. पाणी तीस पट, मीठ तीस पट, आणि अकोटच्या बाजारातलं ते लालभडक तिखट, तेही तीस पट! गणितात काही चूक नव्हती. पण मोठ्या हंड्यात पाणी घरच्यासारखं आटत नाही, मीठ-तिखट तर मुळीच तसं वागत नाही. भाजी झाली की तळं झालं कळेना. पहिली पंगत बसली. पहिल्या घासाला अख्ख्या पंगतीनं एकदम नाक ओढलं. आमचे एक थोरले काका, कधी कुणापुढे न रडलेले, ढसाढसा रडत म्हणाले, "बाप्पा! पोरीनं सासरी जायच्या पहिलेच रडवलं आमाले." लोकांनी रोडगे तुपात बुडवून, वरणात कुस्करून कसेबसे खाल्ले. ताई गोवऱ्यांच्या ढिगामागे जाऊन बसली होती. मी तिला पाणी घेऊन गेलो तर म्हणाली, "गजू, सगळंच पटीत जात नाई रे. मीठ दुपटीले दीडपट टाकाव, आनं मंग चाखाव." थोड्या वेळानं मला दम दिला, "आनं माह्या नवऱ्याले हे कधी सांगशीन तं पाय." नवरा तेव्हा ठरलाही नव्हता!

भाऊजी ऐकत होते. तोंड उघडं. संदीप आधी हसला, अश्विनी मग, पण माझं लक्ष भाऊजींकडे होतं.

"म्हंजे..." ते म्हणाले, "तिचं बी चुकलं होतं?"

"चांगलंच चुकलं होतं. अख्खं शेत रडलं."

"आनं मले चाळीस वर्सं..." ते हसू लागले. आधी खांदे हलले, मग पोट, मग डोळ्यांतून पाणी. ताई गेल्यापासून भाऊजी पहिल्यांदा रडले ते असे, हसता हसता, खाऱ्या खिचडीच्या ताटावर. मग डोळे पुसून त्यांनी ताट ओढलं, दही मागितलं, खिचडीत कालवलं आणि म्हणाले, "मंग मले जमन." संदीपनं बापाकडे बराच वेळ पाहिलं. मग त्यानंही दही मागितलं. तिकिटं दोनच काढली. दिवाळीपर्यंत बघू, असं ठरलं.

गेल्या रविवारी मी न कळवता अकोल्याला गेलो. न कळवता जाण्यात माझा दुष्ट हेतू होता. पाहू तर द्या, म्हटलं. दार उघडंच होतं. भाऊजी ओट्यापाशी, टॉवेल कमरेला. तो लहानसा कुकर पुढे, आणि हातात काठाला पोचा आलेली वाटी, अर्धी भरलेली. मला पाहून त्यांना नवल वाटलं नाही की आनंदही त्यांनी दाखवला नाही. "आला का?" एवढंच म्हणाले. लहान कुकर बाजूला सारला, मधला खाली घेतला. तांदूळ एकदा घातले, वाटी पुन्हा डब्यात बुडवली, पुन्हा घातले. डाळीचंही तसंच. त्यांचे ओठ आता हलत नव्हते.

मग मिठाची बरणी. चमचा भरला, घातला. दुसऱ्यांदा भरला... आणि हात कुकरवर थांबला. दारातल्या त्या मोकळ्या जागेकडे त्यांनी एकवार पाहिलं. मग चमच्यातलं अर्धं मीठ परत बरणीत टाकलं, अर्धं कुकरमध्ये, आणि झाकण लावायच्या आधी त्यातलं पाणी पळीनं घेऊन माझ्यासमोर धरलं.

"चाख," ते म्हणाले.